सांध्यातला हट्टी जंतू: नुसती अँटिबायोटिक्स की जोडीला फेज?

बदललेल्या गुडघ्यात जंतुसंसर्ग झाला आणि कल्चर रिपोर्टमध्ये (जंतू लॅबमध्ये वाढवून त्यावर कोणतं औषध चालतं ते पाहणारा अहवाल) औषधांपुढे ‘रेझिस्टंट’ची, म्हणजे ‘लागू पडत नाही’चीच रांग लागली, की कुणीतरी फेजचं नाव काढतंच. फेज म्हणजे जिवाणूंना मारणारे विषाणू. पण ते अँटिबायोटिकऐवजी घ्यायचे नसतात. बेल्जियममधून समन्वय झालेल्या, फेज दिलेल्या १०० रुग्णांच्या नोंदी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाल्या. ७७ टक्के रुग्णांत सुधारणा दिसली, ६१ टक्क्यांत जंतू गेला. जिथे सोबत अँटिबायोटिक नव्हतं, तिथे जंतू जाण्याची शक्यता ७० टक्क्यांनी कमी होती. यांत सगळे सांध्याचे रुग्ण नव्हते आणि तुलनेला फेजविना गटही नव्हता. तेव्हा ७७च्या आकड्याला भुलू नका.

रुळलेला मार्ग दोन टप्प्यांच्या शस्त्रक्रियेचा: सांधा काढायचा, त्या जागी औषध मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा (स्पेसर) बसवायचा, कित्येक आठवडे अँटिबायोटिक्स, मग नवा सांधा. रुग्णाचे हाल होतात, पण अनुभव कित्येक दशकांचा आहे. जंतू स्टॅफिलोकोकस असेल आणि त्यावर रिफॅम्पिसिन हे अँटिबायोटिक लागू पडत असेल, तर मी फेजच्या मागे लागणार नाही. कोलिस्टिनसारखं मूत्रपिंडाला जड जाणारं औषधच उरलं असेल, तर गोष्ट वेगळी.

फेजचा विचार खरा तिथे, जिथे सांधा काढणं झेपणार नाही किंवा पायच जाण्याची वेळ आली आहे. इम्प्लांटवर, म्हणजे बसवलेल्या कृत्रिम सांध्यावर, जिवाणू बायोफिल्मचा चिकट थर करून बसतात. अँटिबायोटिक तिथे थिटं पडतं, काही फेज तो थर पोखरू शकतात. अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये ६२ वर्षांच्या रुग्णाच्या बदललेल्या गुडघ्यात क्लेब्सिएला नावाचा जंतू होता. शिरेतून फेजचे ४० डोस दिले, मिनोसायक्लिन हे अँटिबायोटिक सोबत चालूच ठेवलं आणि पाय वाचला. फ्रान्समध्ये लियाँला सांधा उघडून, साफ करून आतच फेज सोडतात. पुढे अँटिबायोटिक असतंच. म्हणजे फेज घेतले तरी ऑपरेशन टळेलच असं नाही.

अडचणी कमी नाहीत. एक फेज एखाद्या जातीच्या सगळ्या नव्हे, मोजक्याच जंतूंवर चालतो, म्हणून तुमच्याच जंतूवर तो तपासून घ्यावा लागतो. शिरेतून वारंवार दिल्यास शरीर त्याविरुद्ध अँटिबॉडी बनवू शकतं. शिवाय परदेशातही हे बहुतेक खास परवानगीनेच मिळतं. मेडिकलमध्ये चिठ्ठी दाखवून नाही.

तूर्त निर्णय काहीही होवो, ऑपरेशनआधीच लॅबला सांगा: वाढवलेला जंतू फेकू नका, गोठवून ठेवा. तो नसेल तर फेज जुळवायचा कशाशी?