करार कायद्यासाठी गाईड घ्यावं की बेअर ॲक्ट?

दरवर्षी कॉलेजं सुरू झाली की ओळखीतलं एखादं पोर नागपूरच्या बर्डीवरच्या पुस्तकांच्या दुकानातून फोन करतं. समोर गाईडचा जाड ठोकळा आणि बेअर ॲक्टची, म्हणजे स्पष्टीकरणाशिवाय नुसता कायदा छापलेली, पातळ पुस्तिका असते, आणि प्रश्न ठरलेला, "दादा, यातलं कोणतं घेऊ?" दोन्ही घे म्हणणं सोपं आहे, पण पैसे आणि त्याहून जास्त वेळ, दोन्ही मोजकेच असतात. मी बीकॉमला फक्त गाईडवर अभ्यास केला आणि एलएलबीला बेअर ॲक्टवर आलो. त्या अनुभवावरून लिहितोय. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

गाईडचं श्रेय आधी. परीक्षेत "फरक स्पष्ट करा" असं विचारतात तेव्हा तयार मुद्दे कामाला येतात. निवाड्यांच्या गोष्टीही गाईडमध्येच भेटतात. मालकाचा हरवलेला पुतण्या शोधायला गेलेला मुनीम, तो गेल्यावर जाहीर झालेलं ५०१ रुपयांचं बक्षीस, आणि बक्षिसाची खबर नसतानाच मुलगा सापडला म्हणून १९१३ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने फेटाळलेला त्याचा दावा. प्रस्ताव माहीतच नसेल तर स्वीकृती कशी देणार, हे या एका गोष्टीतून कायमचं डोक्यात बसतं. बेअर ॲक्टमध्ये अशी गोष्ट नसते. पेपर पंधरा दिवसांवर आला असेल तर वाद नको, गाईडच घ्या.

माझं मन गाईडवरून उडालं ते एका वाक्यामुळे. "अज्ञान व्यक्तीशी केलेला करार व्हॉइड असतो," असं माझ्या गाईडच्या एका पानावर होतं. अज्ञान म्हणजे कायद्याने अजून सज्ञान न झालेला. मागच्या वस्तुनिष्ठ प्रश्नांत त्याच प्रश्नाचं उत्तर "व्हॉइडेबल" छापलेलं. व्हॉइड म्हणजे मुळातच रद्द, व्हॉइडेबल म्हणजे एका पक्षाला हवा तर रद्द करता येणारा. मी आणि माझा मित्र दोन दिवस लायब्ररीत त्यावर भांडलो. तो एक पान दाखवायचा, मी दुसरं. सरांना विचारलं तर ते म्हणाले, व्हॉइड लिहा. उत्तर मिळालं, पण ते का, हे कळलं नाही. गाईडमध्ये शोधायला जागाच नव्हती, कारण त्या वाक्याशेजारी ना कलम होतं ना निवाडा.

पुढे करार कायद्याचं कलम ११ स्वतः वाचलं आणि चकित झालो. करार करायला पात्र कोण, एवढंच तिथे आहे: सज्ञान, सुदृढ मनाचा, आणि कुठल्या कायद्याने अपात्र न ठरवलेला. अज्ञानाचा करार व्हॉइड, असं त्या कलमात लिहिलेलंच नाही. ते ठरवलं प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, १९०३ साली, मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या प्रकरणात. कलकत्त्याच्या एका अज्ञान मुलाने वीस हजारांच्या कर्जासाठी मिळकत गहाण ठेवली होती. सावकाराच्या वकिलाला त्याचं वय सांगितलेलं होतं. कलम १० आणि ११ एकत्र वाचून प्रिव्ही कौन्सिलने असा करार मुळातच व्हॉइड ठरवला.

म्हणजे त्या एका विधानामागे कायदा होता, त्याचा न्यायालयाने लावलेला अर्थ होता, आणि गाईडमध्ये ते लिहिणारा लेखक होता. गाईडमध्ये तिघंही एकाच टायपात छापलेले. चूक कुठल्याही पुस्तकात होऊ शकते, त्याचा मला राग नाही. हे वाक्य नेमकं कोणाचं, हेच कळत नाही, हे मात्र मला तेव्हाही खटकलं आणि आजही खटकतं. कायद्याच्या अभ्यासात तेच कळायला हवं.

बेअर ॲक्टची भाषा जड आहे, हे खरं. १८७२ सालचं इंग्रजी, लांबच लांब वाक्यं. मोबदल्याची (इंग्रजीत कन्सिडरेशन) व्याख्या, कलम २ चं पोटकलम (ड), पहिल्यांदा वाचली तेव्हा मी पुस्तिका मिटून ठेवली होती. मग एका वहीत ती तोडून मराठीत लिहिली. वचन देणाऱ्याच्या इच्छेवरून, वचन घेणाऱ्याने किंवा दुसऱ्या कोणीही, काही केलं आहे किंवा करायचं टाळलं आहे, करतो किंवा टाळतो, किंवा करण्याचं अथवा टाळण्याचं वचन देतो. लिहिता लिहिता लक्षात आलं की गाईडमधले "मोबदल्याचे नियम" जवळजवळ सगळे या एका वाक्यात बसलेत. "केलं आहे" म्हटलंय, म्हणून आपल्याकडे भूतकाळातला मोबदलाही चालतो. "दुसऱ्या कोणीही" म्हटलंय, म्हणून तो तिऱ्हाइताकडून आला तरी चालतो. इंग्लंडच्या कायद्यात ही दोन्ही उत्तरं वेगळी आहेत. जे आठ मुद्दे मी घोकून विसरत होतो, ते एका वाक्याच्या क्रियापदांत सापडले.

आणि उदाहरणं! कलम १७ खाली एका घोड्याची उदाहरणं आहेत. विकणाऱ्याला घोड्याचा दोष माहीत आहे, लिलावात तो गप्प राहतो. हे कपट नाही. पण घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल तर नात्यामुळे सांगणं त्याचं कर्तव्य ठरतं. घेणारा म्हणाला, "तू नाही म्हटलं नाहीस तर मी घोडा निरोगी समजेन," आणि हा गप्प राहिला, तर ते गप्प राहणं बोलण्यासारखंच. शेवटच्या उदाहरणात दोन व्यापारी आहेत. एकाला भाव बदलल्याची आतली खबर आहे, आणि ती दुसऱ्याला सांगायला तो बांधील नाही. कळमन्याच्या बाजारात एक सकाळ काढलेल्या माणसाला हे चौथं उदाहरण वेगळं समजवावं लागणार नाही. माझ्या गाईडमध्ये या सगळ्याची एक ओळ होती: "मौन म्हणजे कपट नव्हे, अपवाद दोन."

आणखी एक गंमत. करार कायद्याची पुस्तिका चाळताना कलम ७५ नंतर एकदम १२४ आलं. पानं गळाली समजून मी दुकानात परत न्यायला निघालो होतो. मधली ७६ ते १२३ ही कलमं मालविक्रीची. १९३० मध्ये मालविक्रीचा स्वतंत्र कायदा झाला आणि ती इथून गेली. शेवटची २३९ ते २६६ भागीदारीची, ती १९३२ च्या भागीदारी कायद्यामुळे गेली. अभ्यासक्रमातले तीन वेगळे विषय एकाच घरातून वेगळे निघालेत, हे मला त्या रिकाम्या जागांनी शिकवलं.

घरचीही एक गोष्ट सांगतो. काटोलकडे मामाची संत्र्याची बाग आहे. आंबिया बहार झाडावरच व्यापाऱ्याला दिला, इसार घेतला, आणि तोडणीआधी गारपीट झाली. मामाने मला विचारलं, "काहून रे, तू कायदा शिकतो ना? नुकसान कोणाचं?" गाईडमधलं वाक्य पाठ होतं: मालकी बदलली की जोखीम बदलते. पण मालविक्री कायद्याचं कलम २६ उघडलं तर सुरुवातीलाच शब्द होते, "वेगळं ठरलं नसेल तर". मी मामाला आधी चिठ्ठी आणायला सांगितली. तिच्यात गारपिटीबद्दल एक ओळ निघाली आणि पुढची बोलणी त्या ओळीवरच झाली. झाडावरची फळं "माल" धरायची का, हेही कलम २ च्या पोटकलम (७) मध्ये आहे: कराराप्रमाणे तोडायची ठरलेली असतील तर हो.

आता बेअर ॲक्टच्या बाजूने इतकं बोललो, तर त्याची खोटही सांगायला हवी, कारण ती लहान नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ वाचाल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे नेता येणाऱ्या तक्रारींची रकमेची मर्यादा एक कोटी दिसेल. प्रत्यक्षात डिसेंबर २०२१ च्या नियमांनी ती पन्नास लाखांवर आणली आहे, आणि ते पुस्तिकेच्या मूळ मजकुरात नसतं. चालू आवृत्तीचं गाईड इथे सरस ठरतं. जुनं गाईड मात्र दुहेरी धोक्याचं. सेकंडहँड घेताना त्यात १९८६ चा ग्राहक कायदा तर नाही ना, एवढं तिथेच उभं राहून बघा.

सीए फाउंडेशनवाल्यांचा, म्हणजे चार्टर्ड अकाउंटंटच्या पहिल्या परीक्षेचा, बिझनेस लॉजचा पेपर शंभर गुणांचा आणि लेखी आहे. आधी तरतूद, मग ती दिलेल्या प्रसंगाला लावायची, मग निष्कर्ष. तरतुदीचे शब्द नेमके येत असतील तर उरलेलं बरंचसं आपोआप सुटतं, असं मला वाटतं. बीकॉमला फक्त पास व्हायचं असेल तर गाईड पुरेल, मी अडवणार नाही. पण एकाच पुस्तकाचे पैसे असतील आणि हातात निदान दोन महिने असतील, तर माझा हात बेअर ॲक्टकडे जाईल. तेवढेही पैसे नसतील तर इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावर सगळे केंद्रीय कायदे फुकट आहेत, आणि गाईड एखाद्या मित्राकडून वाचायला मागता येतं.

सुरुवात कलम १ पासून करू नका. कलम २ आणि १० आधी, मग १३ ते १९ उदाहरणांसकट, त्यानंतर २३ ते ३०. आणि मित्राचं गाईड हाती आलं की पेन्सिल घेऊन बसा. प्रत्येक महत्त्वाच्या वाक्यासमोर "क", "न्या" किंवा "ले" लिहा: कलमाचं, न्यायालयाचं, की लेखकाचं. माझ्या पुतणीने मागच्या वर्षी हे केलं. ज्या वाक्यांसमोर तिला एकही अक्षर लिहिता आलं नाही, त्यांची यादी घेऊन ती रविवारी माझ्याकडे आली, आणि आमची दुपार त्या यादीतच गेली.