वेताचं बडवणं, आठ महिन्यांनंतर: धूळ निघते हो, पण ती मूठ!

काल तिसऱ्यांदा मुठीची गुंडाळी सुटली, म्हणून हे लिहायला बसलोय.

गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत आमचा व्हॅक्यूम क्लीनर जळका वास सोडून गप्प झाला. कंपनीचा माणूस आला, झाकण उघडून 'मोटर गेली' म्हणाला, भेटीचे ५९० रुपये घेतले आणि ३,४५०चा आकडा कागदावर लिहून निघून गेला. दुरुस्ती करून घेतली तर हे ५९० त्यातून वजा होणार का, एवढं एकच विचारायला मी चार वेळा फोन केला. चारही वेळा 'आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' ऐकलं आणि दोन वेळा उत्तर मिळालं. एकदा हो, एकदा नाही. शेवटी आई वैतागली. "तीन सतरंज्यांसाठी कुणाच्या विनवण्या करतोयस? ने गच्चीवर आणि बडव."

तर बडवणं. नावावरून आमच्याकडे एकमत नाही. ज्याने विकलं तो 'कार्पेटवाला वेत' म्हणाला, बायको 'ते मारायचं' म्हणते, आई बडवणं म्हणते. मीही तेच म्हणतो. वेत वाकवून फुलासारखे तीन-चार वेढे आणि खाली हातभर दांडा, असा तो प्रकार. बहुतेकांनी कुणाच्या तरी आजोळी पाहिलेला असतो.

लगेच विकत घेतलं नाही, हेही सांगतो. घरात कपडे धुवायचं लाकडी धोपटणं असताना पैसे कशाला घालवा, म्हणून पहिले दोन रविवार तेच वापरलं. सतरंजीला दोन ठिकाणी आडवे धागे तुटले. धोपटण्याची कड लागते, आणि सगळा मार एका रेषेत बसतो. मग बुरूड आळीत गेलो. सुपं, दुरड्या, टोपल्या छपरापर्यंत, बडवणं नाही. एक मामा म्हणाले, "बांबूचं करून देतो, पण कामटीचं कूस निघंल आणि तुमच्या गालिच्यात अडकंल. वेताचंच बघा." स्वतःचं गिऱ्हाईक घालवून खरं सांगणारा माणूस दुर्मिळ. पुढच्याच गल्लीत एका दुकानात वेताचं मिळालं. ४५० सांगितले, ३८०ला दिलं.

पहिल्या दिवशी मी खूश. आजोबांच्या वेळची नऊ बाय सहाची सतरंजी गच्चीच्या कठड्यावर टाकली, सूर्य मागे ठेवला आणि हाणायला लागलो. उन्हात धुराचा लोट उठावा तशी धूळ. नववीत जडत्वाच्या धड्यात हेच उदाहरण होतं: काठी मारली की गालिचा एकदम हलतो, धूळ जागच्या जागी राहू बघते आणि सुटी होते. गुणांसाठी पाठ केलेलं वाक्य पन्नाशीत डोळ्यांत गेलं. खाली पडलेली धूळ केरसुणीने गोळा करून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली (बायको माहेरी होती). एका सतरंजीतून १४० ग्रॅम. आणि ही सतरंजी व्हॅक्यूमने दर पंधरवड्याला 'स्वच्छ' होत होती!

पुढे दर रविवारी तोलत गेलो. दुसऱ्या खेपेला ६० ग्रॅम, मग ३०, मग काटा हलेना. इथवर सगळं ठीक. पण दिवाणखान्यातला मऊ गालिचा, प्रदर्शनातून सहा हजारांना आणलेला, तो मात्र थांबायलाच तयार नाही. दर वेळी ७०-८० ग्रॅम बारीक, पांढरट पूड. मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवली. "बघा, तुमच्याही गालिच्यात एवढीच असणार." शेजारच्या जोशीकाकूंनी तर बडवणं दोन दिवस उसनं नेलं.

महिनाभराने आईने ती पूड चिमटीत धरली. "अरे, ही धूळ कुठली? ही रांगोळीसारखी लागते." गालिचा उलटा केला तेव्हा उलगडा झाला. तो विणलेला नाहीच. कापडात यंत्राने लव टोचलेली, आणि ती सुटू नये म्हणून पाठीला खडूची भुकटी घातलेला रबरी चीक फासून वर दुसरं कापड चिकटवलेलं. माझ्या प्रत्येक फटक्यासरशी तो वाळका चीक फुटत होता. मी घाण काढत नव्हतो, गालिचाच काढत होतो, हप्त्याहप्त्याने, आणि वर वजन करत होतो. एका कोपऱ्यात लव चिमटीने उपटून येते आता. काकूंकडे जाऊन सांगावं लागलं. त्यांचाही तसलाच निघाला. सध्या आमचं बोलणं मोजकं आहे.

तेव्हा पहिल्या महिन्यात मी सगळ्यांना जे सांगत सुटलो होतो की कुठलाही गालिचा आणा आणि हाणा, ते मागे घेतो. आधी पाठ बघा. सतरंजीला पाठ-पोट सारखंच, तिला बिनधास्त बडवा. हाताने गाठी मारलेला गालिचा असेल तर मागच्या बाजूलाही लवेची नक्षी दिसते. त्याला पालथा घालून हलक्या हाताने. मागे नुसतं जाड कापड दिसलं तर बडवणं खुंटीलाच राहू द्या. त्याच्यावर चहाचा चोथा बरा: धुऊन, घट्ट पिळून पसरायचा आणि फड्याने ओढून घ्यायचा. धूळ उडत नाही, चोथ्याला चिकटते. फिक्या रंगावर करू नका, डाग राहतो. (राहिलाय.)

बडवायचं कसं, तेही मी चुकीचं करत होतो. आई खुर्ची टाकून गच्चीवर बसली आणि म्हणाली, "राग काढू नकोस. मनगट सैल ठेव." जोर खांद्यातून लावला की वेत वाकतो आणि धूळ उलट आत बसते. मनगटातून सपाट फटका, मधून सुरुवात करून काठाकडे. दशांना अजिबात हात लावायचा नाही. मी लावला होता, म्हणून दशांची दशा झाली. बडवून झालं की एकदा झटकायचं, मग दोन-तीन तास ऊन. दमट हवेत बडवू नये, धूळ चिकटून बसते.

घोंगडीचं वेगळं. धनगराकडून घेतलेली, चिंचोक्याच्या खळीची, कडक. तिला दोनच हलके फटके आणि उन्हात घालणं, बस. धुवायची तर थंड पाण्यात, न चोळता, न पिळता. गरम पाण्यात लोकर आटून घट्ट होते. मी एकदाच धुतली. खळ गेली आणि घोंगडी मऊ पडली. आईला ती आवडली नाही, मला आवडली.

सतरंजी मार्चमध्ये रिठ्याने धुतली. रिठे रात्री भिजवून सकाळी उकळले, पाणी गाळून घेतलं, काथ्याच्या ब्रशने घासलं. फेस कमी, पण मळ निघतो. दोन गोष्टी कुणी सांगत नाही. ओली सतरंजी एकट्याने उचलता येत नाही, कंबर जाते. आणि बादलीत मूठभर मीठ टाकलं तरी लाल पट्टा पांढऱ्यात उतरायचा तो उतरतोच.

सोसायटीच्या सचिवांनी 'गच्चीवर ठोकाठोक करू नये' अशी चिठ्ठी लावली. मुलाने कुठून तरी शोधून काढलं की लंडनच्या १८३९च्या पोलीस कायद्यात रस्त्यावर गालिचे झटकणं-बडवणं हा गुन्हा होता. फक्त दारातलं पायपुसणं सकाळी आठच्या आत झटकायची मुभा. मी ते सचिवांना दाखवायला गेलो की बघा, गच्ची म्हणजे रस्ता नव्हे. त्यांनी आठची वेळ तेवढी उचलली. आता रविवारी सकाळी आठच्या आत उरकतो, आणि तेव्हा गच्चीवर ऊन नीट आलेलं नसतं.

आता मूळ मुद्दा. मूठ. अख्खं बडवणं सुंदर बांधलंय, वेढ्यांचा एक टाका सैल झालेला नाही. मग जिथे माणूस धरतो तिथेच वेताची साल गुंडाळायची सोडून प्लॅस्टिकची पट्टी का? ती सहाव्या आठवड्यात सुटली. आत एक चूक (बारीक खिळा) ठोकलेली. तिचं डोकं तळहाताला लागतं. दुकानात परत गेलो तर म्हणे, "साहेब, एवढं कोण वापरतं? लोक भिंतीला लावायला नेतात." ३८० रुपये घेताना हे बोलला नव्हता! चूक पक्कडीने काढली. सुतळी गुंडाळली, हात सोलवटला. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली; पकड फर्स्टक्लास, पण हात काळे, आणि एकदा सतरंजीवर पाच बोटं उमटली. तीच काल तुटली. पाच रुपयांची साल वाचवली त्या माणसाने, आणि मी आठ महिने तिच्यात अडकलोय. वेत फार सुकून तडकू नये म्हणून महिन्यातून एकदा ओलं फडकं फिरवतो, तेव्हाही लक्ष मुठीकडेच.

घ्यावं का? सतरंज्या असतील तर घ्या, पण दुकानातच मूठ उलगडून बघा आणि त्या पट्टीचे पन्नास रुपये कमी करून मागा. पावसाळ्यात त्याला काम नाही; सतरंज्या कडकडीत वाळवून, वेखंडाची पूड भुरभुरून, गुंडाळी करून ठेवल्यात. घडी घातली की घडीवर विरतात.

व्हॅक्यूम माळ्यावर आहे. ५९० वजा होणार का, ते अजून कळलेलं नाही. मुठीला आज सकाळी पायजम्याची नाडी ओढून काढून गुंडाळली, घट्ट बसलीय. पायजमा खुर्चीवर पडलाय, आणि बायकोने अजून पाहिलेला नाही.