ई. हेज, इन्व्हरकार्गिल : बर्ट मन्रोची स्काउट बघायला जाताय तर हे वाचून जा

न्यूझीलंडला फिरायला जाणारी आपली बहुतेक मंडळी क्वीन्सटाउन आणि मिलफर्ड साउंड केलं की परत फिरतात. पण मोटरसायकलचं जरासं जरी वेड असेल ना तर क्वीन्सटाउनहून अजून दोन-अडीच तास गाडी हाणा आणि पार खाली इन्व्हरकार्गिलला जाच. तिथे डी स्ट्रीटवर ई. हेज म्हणून हार्डवेअरचं दुकान आहे. 1932 पासूनचं, चालतं दुकान बरं का, म्युझियम नाही. गावातले लोक हातोडे, स्क्रू, बागेचं सामान घेऊन बिल करतायत आणि त्याच रॅकच्या मधून जुन्या मोटरसायकली उभ्या आहेत, आणि त्यातच बर्ट मन्रो या इथल्याच वेगवेड्या माणसाची 1920 ची इंडियन स्काउट, म्हणजे 'इंडियन' या अमेरिकन कंपनीची मोटरसायकल. तिकीट वगैरे काही नाही, सरळ आत जायचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ही गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा 600 सीसी, साइड व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला) व्ही-ट्विन, म्हणजे V आकारात दोन सिलिंडर, टॉप स्पीड ताशी 55 मैल म्हणजे नव्वदच्याही आत. मन्रोने 1926 पासून तिच्यावर काम सुरू केलं आणि 1967 ला अमेरिकेत बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर, वय 68 असताना, 1000 सीसी खालच्या क्लासमध्ये ताशी 183.59 मैलांचा रेकॉर्ड केला. पुढे 2014 ला त्याच्या मुलाच्या लक्षात आलं की तेव्हा सरासरी काढताना हिशेबच चुकला होता, मग तो आकडा दुरुस्त होऊन 184.087 झाला, किलोमीटरमध्ये 296 च्या वर.

आकडे सगळे सांगतात, पण मला विचाराल तर गाडीपेक्षा जास्त वेळ पार्टसमोर उभं राहा. पिस्टन, कनेक्टिंग रॉड, असलं बरंच काही बघायला मिळतं. पिस्टन त्याने स्वतः ओतलेले, साचा म्हणून जुने पत्र्याचे डबे. सिलिंडरसाठी जुने बिडाचे गॅस पाइप. कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा, कॅटरपिलर ट्रॅक्टरच्या अ‍ॅक्सलच्या स्टीलमधून हाताने कोरून काढलेले. मायक्रोमीटरच्या (बारीक माप घ्यायच्या उपकरणाच्या) जागी चाकाचा जुना स्पोक! साइड व्हॉल्व्हचं डोकं काढून पुशरॉडवाली ओव्हरहेड व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या वर) सिस्टिम बसवली, त्यासाठी व्हॉल्व्ह उघडणारे कॅम दोनाचे चार केले, आणि शेवटी इंजिन 950 सीसीपर्यंत नेलं. ज्यांनी कधी लेथवर हात काळे केलेत त्यांनी तो रॉड नीट बघावा, आपण कितीतरी वेळ तिथून हलत नाही.

आता हे एवढं कशासाठी लागतं ते कळलं तर बघण्यात जास्त मजा येते. साध्या रोडच्या गाडीला फुल थ्रॉटल काही सेकंद मिळतो, ड्रॅग रेसलाही तेवढंच. लँड स्पीडमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या वेगाच्या रेकॉर्डसाठी पळवताना मात्र मैलच्या मैल थ्रॉटल उघडाच ठेवायचा असतो, इंजिनला दम खायला जागाच नाही, त्यात वरून स्ट्रीमलाइनचं बंद कवच म्हणजे हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला हवाही पुरेशी नाही. पिस्टन वितळतो नाहीतर रॉड तुटून इंजिनची केस फोडून बाहेर येतो. मन्रोच्या शेडमध्ये अशा मेलेल्या पार्टची फळी होती आणि तिच्यावर त्याने लिहून ठेवलं होतं, वेगाच्या देवाला अर्पण. मला ते खूप खरं वाटतं, कारण कुठला पार्ट कुठून तुटला हे बघितल्याशिवाय पुढचा पार्ट जाड कुठे करायचा ते कळणारच नाही.

आणखी एक गोष्ट मला फार भारी वाटते. इन्व्हरकार्गिल समुद्रसपाटीला, बॉनव्हिल साधारण 4,200 फुटांवर. हवा विरळ, म्हणजे इकडे बरोबर लावलेला जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) तिकडे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त द्यायला लागतो, मिक्श्चर रिच होतं, पॉवर पडते, म्हणून जेट लहान करावा लागतो. पण तीच विरळ हवा अंगावर कमी अडते, त्यामुळे वेगाला फायदाही होतो. त्यात मीठ ओलं असलं की मागचं चाक घसरतं आणि गाडी मागे ओढल्यासारखी होते, म्हणजे घरी हिशेब करून ठरवलेलं गिअरिंग तिथे चालेलच असं नाही. हे सगळं समुद्र ओलांडून, हाताशी असेल तेवढ्या सामानात जुळवायचं! आज लॅपटॉप लावून फ्युएल मॅप बदलणाऱ्यांनी इथे एक चक्कर माराच.

इथलं वातावरण मला कुठल्याही चकचकीत म्युझियमपेक्षा आवडलं, कारण ही गाडी जशा सामानातून घडली तसंच सामान बाजूला विकायला आहे. मन्रोने जाण्याआधी गाड्या याच हेज कुटुंबातल्या नॉर्मन हेजला विकल्या, त्यामुळे त्या गावातच राहिल्या, परदेशी लिलावात गेल्या नाहीत हे किती चांगलं झालं.

लहान मुलं असतील तर अर्धा-पाऊण तास पुरे, गाडीवेड्यांनी निवांत दोन तास काढा. शहरातच ट्रान्सपोर्ट वर्ल्ड आहे, त्याला तिकीट आहे, जुने ट्रक आवडत असतील तर तेही करा. पण वेळ एकाच ठिकाणचा असेल तर हेज. मग दहा किलोमीटरवर ओरेटी बीच आहे, मन्रो गाडी तिथेच पळवून बघायचा, वाळू इतकी घट्ट की गाड्या जातात, फक्त भरतीची वेळ बघून उतरा. फेब्रुवारीत त्याच्या नावाने बर्ट मन्रो चॅलेंज भरतं, तेव्हा जाणार असाल तर राहायची सोय फार आधी करून ठेवा, गाव छोटं आहे.