कुत्र्याची सुई, गटारी आणि आमच्या सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर

आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात कुत्रं चावलेल्यांना रेबीजची लस देतात, त्या इंजेक्शनच्या खोलीबद्दल लिहितोय. बाकीच्या दवाखान्याबद्दल ज्याचं त्यानं ठरवावं. पुणे-सातारा रस्त्याला माझं गॅरेज आहे. तिथल्या माझ्या कारागिराच्या पोटरीला मोकाट कुत्र्यानं चावा घेतला, रक्त आलं, म्हणून तसाच गाडीवर घालून तिथं नेला.

पहिली चांगली गोष्ट म्हणजे कागदाआधी जखम. सिस्टरनी त्याला थेट नळाखाली बसवलं आणि साबण लावून पंधरा मिनिटं धुवायला लावलं. कुणीतरी वाटेत लावलेली हळद सगळी काढून टाकली. टाके नाहीत, पट्टी नाही. मग जखमेच्या कडेनं आत सीरमचं, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या तयार प्रतिपिंडांचं, इंजेक्शन दिलं. ते फार दुखतं, हे आधीच सांगितलेलं बरं. त्यानंतर दोन्ही दंडांवर लस. लस कातडीतच देतात, एका जागी ०.१ मिली. सुई काढली की तिथं मसुरीच्या डाळीएवढा फुगवटा उठला पाहिजे. एका दंडावर तो उठला नाही, तर सिस्टरनी लगेच शेजारी दुसऱ्यांदा दिली. न सांगता, न कंटाळता. या एका गोष्टीवरून माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

आता खरा मुद्दा. आमच्याकडं पक्का समज आहे की कुत्र्याची सुई चालू असली की दारूला शिवायचं नाही, नाहीतर सुई उलटते. कार्डावरच्या तारखा असतात ० दिवस, ३, ७ आणि २८. त्यातली सातव्या दिवसाची नेमकी गटारीला आली. अड्ड्यावरच्या जाणत्यांनी त्याला सल्ला दिला, "गटारी होऊ दे, सुई नंतर घे." आणि हा गडी त्याला तयार झाला होता! दारू सोडायची नाही म्हणून लस सोडायची. मी त्याचं काही न ऐकता त्याला पुन्हा दवाखान्यात घेऊन गेलो आणि सिस्टरना त्याच्यासमोरच विचारलं.

त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "दादा, पिऊन आलास तरी मी सुई देईन. पण तारीख चुकवलीस आणि तो रोग झाला, तर त्यावर माझ्याकडं औषध नाही. कुणाकडंच नाही." मग डॉक्टर आले, त्यांनी नीट समजावलं. दारूच्या एका घोटानं लस वाया जात नाही. पण रोजची भरपूर दारू अंगाची ताकद खाते, आणि लशीला साथ द्यायला तीच ताकद लागते. शिवाय सुईनंतर अंग मोडून येतं, थोडा ताप येतो. त्यात दारू पोटात असली तर डोकं कशानं दुखतंय तेच कळत नाही. आणि शुद्धीत नसलेल्या माणसाला तारीख कुठली आठवणार? म्हणून शक्यतो पिऊ नको, पण प्यायलास म्हणून येणं टाळू नको. इतकं सरळ उत्तर मला याआधी कुठल्याच दवाखान्यात मिळालं नव्हतं.

हा समज येतो कुठून? आमच्या वडिलांच्या वेळी बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत. ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची, त्रासदायक होती, आणि तिच्याबरोबर पथ्यांची मोठी यादी यायची. ती लस आपल्याकडं कधीच बंद झाली, पथ्यं मात्र लोकांच्या तोंडात राहिली. कोविडच्या वेळीही तेच. रशियात स्पुतनिक लशीबरोबर ४२ दिवस दारू नको असं तिथल्या उपपंतप्रधान बोलल्या, लस बनवणारे म्हणाले तीन दिवस पुरे. माझ्या गिऱ्हाइकांना ४२ तेवढे लक्षात राहिले. दारूनं लशीचा परिणाम कमी होतो असा पुरावा नाही, हे आपल्या आरोग्य मंत्रालयाचं उत्तर कुणी वाचलंच नव्हतं.

उणीव सांगतो. खोलीबाहेर भिंतीवर जखम धुण्याचं चित्र आहे, दारूबद्दल एक ओळही नाही. विचारायची लाज वाटते म्हणून माणसं विचारत नाहीत आणि घरी बसतात. "प्यायला असाल तरी या" एवढं मोठ्या अक्षरात मराठीत लिहून लावलं तर कुणाचा तरी जीव वाचेल. हे मी वैद्यकीय अधीक्षकांना अर्ज करून कळवलंय. दुसरं म्हणजे केस पेपरची खिडकी एकच, आणि सोमवारी बाजाराच्या दिवशी तिथं उभं राहणं म्हाताऱ्या माणसाला झेपत नाही.

गटारीच्या दिवशी सकाळीच त्याची सुई झाली. संध्याकाळी तो प्यायला की नाही, ते मी विचारलं नाही. अठ्ठाविसाव्या दिवसाची सुई सगळ्यात जास्त चुकते, कारण तोवर जखम भरलेली असते. म्हणून ती तारीख मी गॅरेजच्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहिली होती. तीही झाली.

पाचपैकी साडेचार. लस आणि सीरम दोन्ही फुकट मिळालं. जाताना आधार कार्ड न्या, शक्यतो सोमवार टाळा. पण चावा आजचा असेल तर वार बघत बसू नका, रात्रीसुद्धा अपघात विभागात पहिली सुई देतात.