डोडी स्मिथ की मेग रोसॉफ: आधी कोणती द्यावी?

इंग्लंडच्या खेड्यात घडणारी कादंबरी पंधरा-सोळा वर्षांच्या वाचकाला द्यायची, तर मला दोनच नावं आधी सुचतात: डोडी स्मिथची ‘आय कॅप्चर द कॅसल’ (१९४८) आणि मेग रोसॉफची ‘हाउ आय लिव्ह नाऊ’ (२००४).

पहिली घडते १९३० च्या दशकात, सफकमधल्या एका पडक्या किल्ल्यात. १७ वर्षांची कसांड्रा रोजनिशी लिहिते, आणि सुरुवातच करते स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये पाय सोडून. एक गाजलेलं पुस्तक लिहून नंतर लेखणीच थांबलेले वडील, थकलेलं भाडं, जुने कपडे हिरव्या रंगात बुडवून नवे करण्याची धडपड. वहीसुद्धा बदलत, महाग होत जाते: आधी सहा पेन्सची, मग शिलिंगची, शेवटी दोन गिनींची. चणचण इतक्या प्रसन्नपणे आणि तरी प्रामाणिकपणे मांडणारं पुस्तक विरळाच. कथा संथ आहे, पण मला ती संथ लयच आवडते.

रोसॉफची डेझी १५ वर्षांची, न्यूयॉर्कहून मावशीच्या शेतघरी आलेली. मावशी परदेशी असताना युद्ध पेटतं, मावसभावंडांची ताटातूट होते. डेझी आणि छोटी मावसबहीण पायपर रानातून पायी घराकडे निघतात, तो भाग खाली ठेववत नाही. पुस्तक छोटं, वाक्यं धापा टाकत पळणारी. मात्र डेझीचं अन्न टाळणं आणि मावसभावावरचं प्रेम, दोन्ही यात आहे; पालकांनी आधी स्वतः वाचावं.

वाचनाची गोडी असलेल्याला मी स्मिथच देईन. जाड पुस्तक बघूनच पळणाऱ्याला मात्र रोसॉफ.