शेड परवानगीच्या नावाखाली माझे १,८७,००० रुपये गेले

माझ्या कोंबड्यांच्या शेडला हरकत नाही, अशा शेजारच्या आजींच्या संमतीपत्रावर सही होती. वळणदार, नाव-आडनावासकट. आणि आजी अंगठा लावतात. सोसायटीत, बँकेत, रेशनच्या दुकानात, सगळीकडे अंगठा. पगार काढायला मीच त्यांना दोनदा बँकेत नेलंय, शाईचा अंगठा पदराच्या आतल्या बाजूला पुसतात तेही बघितलंय. एजंटनं तो कागद हातात दिला तेव्हा मी त्या सहीवर थांबलो होतो. मनात आलं, नातवानं केली असेल. घडी घातली आणि फाईलला लावला. त्याच दिवशी मी तो कागद घेऊन आजींच्या ओट्यावर गेलो असतो तर पुढचे ६२,००० तरी वाचले असते. रात्री अजून तीच सही डोळ्यासमोर येते.

आमचं गाव पुणे जिल्ह्याच्या उत्तरेला. दोन एकर, विहिरीला पाणी मार्चपर्यंत. कांद्यानं दोन वर्षं हात दाखवला म्हणून करारावर ब्रॉयलर, म्हणजे मांसाच्या कोंबड्या, पाळायचं ठरवलं. शेड ३० बाय २५० फूट, सहा हजार पक्षी. बांधापलीकडे आजींची वस्ती, शेडच्या जागेपासून जेमतेम ६० मीटर.

कचेरीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात एक जण बसतो. अर्ज लिहितो, उतारे काढून देतो, सगळे त्याला ओळखतात. गावातल्या तिघांची कामं त्यानं केली होती, म्हणून मी गेलो. मी काही कुणा अनोळखी माणसाच्या फोनला भुललो नाही. तो म्हणाला, "दादा, कोंबड्या म्हणजे शेतीच. शेती इमारतीला एनए, म्हणजे बिगरशेती परवानगी, लागत नाही, कलम ४१ आहे. फक्त पत्रं गोळा करायची." कलमाचा आकडा सांगितला की आपल्यासारखा माणूस गप्प होतो.

तो आकडा खोटा नव्हता. जमीन महसूल संहिता, १९६६, कलम ४१ मध्ये शेती इमारतीला सवलत आहेच. पण शेती इमारत कशाला म्हणायचं ते कलम २ मध्ये लिहिलंय: अवजारं, खत, चारा, शेतमाल ठेवायची जागा, गुरांचा निवारा, घरच्यांना-गड्यांना राहायची सोय, आणि लागवडीच्या कामाचाच भाग असलेली गोष्ट. सहा हजार कोंबड्यांच्या धंद्याचं नाव त्यात कुठे नाही. हे मी पैसे गेल्यावर वाचलं. तुम्ही आधी वाचा.

पैसे असे गेले. पहिल्या दिवशी रोख २५,०००, अर्ज आणि नकाशाचे. मग ६०,००० त्याच्या भाच्याच्या खात्यावर फोनपेनं, "वर द्यावे लागतात" म्हणून. हो, ते कशाचे हे मला कळत होतं. दोन वर्षं चकरा मारून चपला झिजवलेला शेतकरी दुसरं काय करतो? मग "सरकारी चलन" ४०,०००. चलनाचा छापील कागद दिला, त्यावर जीआरएन, म्हणजे सरकारी भरण्याचा क्रमांकही होता. तो क्रमांक शासनाच्या ग्रास संकेतस्थळावर टाकला तर चलन खरं की खोटं लगेच कळतं. मी टाकला नाही. शेवटी, संमतीपत्र आधी देऊन झाल्यावर, ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला, तहसीलचं पत्र आणि प्रदूषण मंडळाची संमती, असा संच हातात देऊन ६२,००० रोख. पावती एकाचीही नाही.

मी खांब उभे केले, जोतं भरलं. ३,४०,००० त्यात गेले ते वेगळेच. पत्रे चढवायच्या आधी आजींच्या मुलानं तक्रार केली. माशी आणि वास येणार, शिवाय पिण्याची विहीर चाळीस मीटरवर. त्याचं चुकलं नव्हतं. तलाठी पंचनाम्याला आले, मी छाती पुढे काढून फाईल दाखवली. त्यांनी तहसीलचं पत्र उजेडाकडे धरलं आणि म्हणाले, "हे आमच्या कार्यालयाचं नाहीच." त्या जावक क्रमांकावर नोंदवहीत पाणंद रस्त्याच्या अतिक्रमणाचं पत्र निघालं. दाखला खोटा, संमती खोटी, सही तर खोटीच. आजींच्या मुलानं सगळ्यांसमोर विचारलं, "आमच्या आईची सही तू केलीस?"

पत्र घेताना आवक-जावक नोंदवही डोळ्यांनी बघा. शिक्का कुठेही बनतो.

आणि आता सांगतो ते नीट ऐका, कारण हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत नवी पोल्ट्री लोकवस्तीपासून ५०० मीटर आणि पिण्याच्या विहिरीपासून १०० मीटर लांब असावी असं आहे, शेतीच्या हद्दीपासून शेड १० मीटर आत. पाच हजारांवर पक्षी असले की राज्य मंडळाची संमती लागते. माझं अंतर ६० आणि ४० मीटर. म्हणजे सरळ मार्गानं गेलो असतो तर "इथे नको" हे उत्तर पहिल्याच महिन्यात मिळालं असतं. त्यानं मला जे विकलं ते त्या जागेला मिळण्यासारखंच नव्हतं. पैसे काढायच्या आधी टेप घेऊन शेजाऱ्याच्या दारापर्यंत अंतर मोजा.

पोलिसांत गेलो. "हा दिवाणी मामला आहे, वकील बघा." बनावट शासकीय पत्र दिवाणी कसं? मग म्हणाले, पत्र बनावट असल्याचं तहसीलकडून लेखी आणा. तहसीलला गेलो, तर पोलिसांनी मागितलं तर देऊ. पोलीस म्हणाले, अर्जदारानंच आणायचं असतं. अशा अकरा फेऱ्या झाल्या. एकदा साहेब दौऱ्यावर, एकदा निवडणुकीचं काम, एकदा सर्व्हर बंद. ज्या लिपिकाच्या टेबलाशेजारी तो एजंट खुर्ची ओढून बसायचा, तो लिपिक म्हणतो, मी ओळखत नाही. एक हवालदार तर हळूच म्हणाला, जास्त बोलू नका, साठ हजार दिल्याचं तुम्हीच सांगताय, लाच देणाराही गुन्हेगार असतो. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीपासून तसं आहे हे खरं. जबरदस्तीनं द्यावी लागली तर सात दिवसांत कळवायचं असतं. माझे सात दिवस केव्हाच संपले होते. पण मग त्याला मोकळं सोडायचं? मला मात्र बेकायदा बांधकामाची नोटीस बरोबर चौथ्या दिवशी पोचली! त्यांना चोर सापडत नाही, फसलेला माणूस लगेच सापडतो.

शेवटी तहसीलला १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. तीस दिवसांची मुदत, उत्तर चौतिसाव्या दिवशी: "सदर क्रमांकाचे पत्र या विषयासंदर्भात निर्गमित नाही." तो एक कागद माझ्या कामाला आला. पोलीस ठाण्यात घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १७३ प्रमाणे तक्रार पोलीस अधीक्षकांना टपालानं पाठवता येते, तिथेही नाही झालं तर दंडाधिकाऱ्यांकडे. मी रजिस्टर पोस्टानं पाठवली, पोच जपून ठेवलीय. फोनपेचे व्यवहार छापून जोडले. रोखीच्या ८७,००० ला काहीच पुरावा नाही, चलनाचे ४०,००० सुदैवानं खात्यावर दिले होते.

एजंटचा फोन बंद आहे. झेरॉक्सच्या दुकानात आता दुसराच पोरगा बसतो.

परवा जबाबाला बोलावलंय. आजींनी येऊन "मी अंगठा लावते" एवढं सांगितलं तर सही खोटी ठरते आणि माझ्यावरचा आळही जातो. काल संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो. आजींनी पाणी दिलं. मुलगा आतून बाहेर आला नाही. येतो म्हणून अजून कुणी सांगितलेलं नाही.