फेनवे पार्क, बॉस्टन : तिकीट घेण्याआधी खांब कुठे आहेत ते बघा

बॉस्टनला जाणार असाल आणि त्या दिवसांत रेड सॉक्सचा, म्हणजे शहराच्या बेसबॉल संघाचा, सामना घरच्या मैदानावर असेल, तर तो बघाच. बेसबॉलची गोडी नसली तरीही. २० एप्रिल १९१२ रोजी सुरू झालेलं फेनवे पार्क हे मेजर लीगमधलं (अमेरिकेतली सर्वांत वरची बेसबॉल स्पर्धा) आज वापरात असलेलं सर्वांत जुनं मैदान आहे. मात्र या जुनेपणाची किंमत प्रेक्षकाला गुडघ्यांनी आणि मानेने मोजावी लागते. चांगली जागा आणि वाईट जागा यांतला फरक इथे इतका मोठा आहे, की केवळ दर बघून तिकीट काढणं ही या मैदानावरची सर्वांत महाग चूक ठरते.

जागांपासूनच सुरुवात करू. छपराखालच्या भागाला ग्रँडस्टँड म्हणतात. तिथे निळ्या रंगाच्या जुन्या लाकडी खुर्च्या आहेत. अरुंद आहेत, पुढे पाय पसरायला जागा नाही. सहा फुटी माणसाने शक्यतो कडेची खुर्ची घ्यावी. छप्पर पेलणारे लोखंडी खांब प्रेक्षकांच्या मधोमध उभे आहेत. खांब बरोबर समोर आला तर पिचर (चेंडू टाकणारा) दिसतो पण बॅटर (फलंदाज) नाही, किंवा उलट. ज्या खुर्च्यांना खांब पूर्ण आडवा येतो त्यांच्या तिकिटावर तशी सूचना असते. थोडासाच आडवा येत असेल तर असेलच असं नाही. म्हणून विभाग, रांग आणि खुर्चीचा क्रमांक टाकून प्रेक्षकांनी काढलेले फोटो आधी बघावेत. अशा फोटोंची संकेतस्थळं आहेत, पाच मिनिटांचं काम आहे. अगदी मागच्या रांगांत दुसरी अडचण: वरच्या मजल्याची कड आडवी येते आणि उंच उडालेला चेंडू मध्येच दिसेनासा होतो.

उजव्या मैदानाकडचे (डावं-उजवं इथे बॅटरच्या जागेवरून बघताना) ग्रँडस्टँडचे सुरुवातीचे विभाग, साधारण १ ते ८, आणि त्यांच्यापुढच्या, मैदानालगतच्या जागा (बॉक्स) स्वस्त वाटतात. ते टाळा. त्या खुर्च्या होम प्लेटकडे (जिथे बॅटर उभा असतो) नव्हे, आउटफिल्डकडे (मैदानाच्या दूरच्या भागाकडे) तोंड करून बसवलेल्या आहेत. पूर्ण सामनाभर मान डावीकडे वळवून बसावं लागतं. शिवाय संध्याकाळच्या सामन्यात मावळतीचं ऊन उजव्या मैदानाकडच्या प्रेक्षकांच्या डोळ्यांवर येतं. तिसऱ्या बेसच्या (बॅटरला धावत गाठायच्या टप्प्यांपैकी तिसरा, डावीकडचा) बाजूला सावली लवकर येते. होम प्लेटच्या मागचे आणि तिसऱ्या बेसकडचे ग्रँडस्टँड विभाग, मधल्या रांगा, खांब टाळून: पैसे आणि दृश्य यांचा सर्वांत चांगला मेळ इथेच बसतो. लहान मुलं बरोबर असतील तर ३२ आणि ३३ हे मद्यविरहित विभाग आहेत, डाव्या मैदानाच्या टोकाला.

छप्पर नसलेल्या ब्लीचर्समध्ये (३४ ते ४३) वातावरण फार छान असतं, पण दुपारी ऊन थेट डोक्यावर. दिवसाच्या सामन्यांत ३५ व्या विभागाच्या आसपासचा भाग काळ्या कापडाने झाकून ठेवतात. कारण क्रिकेटच्या साइटस्क्रीनचंच: पिचरच्या मागे पांढरे शर्ट दिसले तर बॅटरला पांढरा चेंडू दिसत नाही. ब्लीचर्समधली एकच खुर्ची लाल रंगाची आहे: विभाग ४२, रांग ३७, खुर्ची २१. ९ जून १९४६ रोजी टेड विल्यम्सने मारलेला ५०२ फुटांचा होम रन (क्रिकेटच्या षटकारासारखा सीमेपार गेलेला फटका) तिथे पडला. तिथे उभं राहून होम प्लेटकडे बघितल्याशिवाय त्या अंतराची कल्पना येत नाही. दरवाजे उघडल्याबरोबर तिथे जाऊन या.

आता ती भिंत. डाव्या बाजूची सीमा होम प्लेटपासून अवघी ३१० फूट, म्हणून तिथे ३७ फूट २ इंच उंचीची हिरवी भिंत आहे: ग्रीन मॉन्स्टर. १९४७ मध्ये तिच्यावरच्या जाहिराती पुसून तिला हा रंग दिला. तिच्यामुळे खेळच बदलतो. इतरत्र सहज झेल गेला असता असा उंच फटका इथे भिंतीवर आदळून दोन बेस मिळवून देतो. उलट जोरात, सरळ रेषेत गेलेला चेंडू, जो दुसरीकडे होम रन ठरला असता, भिंतीवरून परत येतो आणि बॅटर पहिल्याच बेसवर अडकतो. भिंतीच्या पायथ्याचा धावफलक आजही आतली माणसं हाताने पाट्या बदलून चालवतात. २००३ पासून भिंतीच्या माथ्यावरही बसता येतं. महाग आहे, आणि खालच्या पायथ्याशी काय चाललंय ते तिथून दिसत नाही. फोटोसाठी उत्तम, पहिल्या सामन्यासाठी नको.

तिकिटं फोनवरच असतात, मेजर लीगच्या बॉलपार्क ॲपमध्ये. घरूनच ॲपमध्ये उतरवून ठेवा. दारावरच्या गर्दीत नेटवर्क दगा देतं. न्यूयॉर्कच्या यँकीज संघाविरुद्धचे सामने आणि शनिवार-रविवार महाग, एप्रिल आणि सप्टेंबरमधले मंगळवार-बुधवार स्वस्त. एप्रिलच्या रात्री पारा ५-६ अंशांवर येतो, तेव्हा जाड जॅकेट आणि टोपी हवीच. पाठीवरची सॅक आत नेऊ देत नाहीत, ती हॉटेलवरच ठेवा. एकदा आत गेलात की बाहेर पडून परत येता येत नाही. आत रोख पैसे चालत नाहीत, कार्ड लागतं. बिअर घ्यायची तर पासपोर्ट जवळ ठेवा. भारतीय वाहन परवाना बहुधा स्वीकारत नाहीत.

खाण्याच्या बाबतीत अपेक्षा माफक ठेवा. इथला प्रसिद्ध हॉट डॉग गोमांस आणि डुकराच्या मांसाचा असतो. शाकाहारी माणसाने शेंगदाणे, पॉपकॉर्न, प्रेट्झेल, चीज पिझ्झा यांवर भागवायचं. पोटभर जेवून जाणं शहाणपणाचं.

पाऊस हा प्रवाशाचा खरा शत्रू. सामना सुरूच झाला नाही तर तेच तिकीट नव्या तारखेला चालतं, पण तोवर तुमचं विमान गेलेलं असू शकतं. पाच इनिंग (दोन्ही संघांची एकेक पाळी म्हणजे एक इनिंग) पूर्ण झाल्या, यजमान पुढे असतील तर साडेचार, की सामना अधिकृत धरला जातो आणि पैसे परत मिळत नाहीत. म्हणून सामना मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी ठेवू नका, सुरुवातीला ठेवा. वेळेचं म्हणाल तर २०२३ मध्ये पिचरला चेंडू टाकायला वेळेची मर्यादा घालणारं घड्याळ लावल्यापासून सामना सरासरी दोन तास चाळीस मिनिटांच्या आसपास संपतो.

जाण्यासाठी गाडी नकोच, पार्किंगचे दर अवाच्या सवा असतात. विमानतळावरून सिल्व्हर लाइनची बस फुकट आहे. साउथ स्टेशनला रेड लाइन, पार्क स्ट्रीटला ग्रीन लाइनची बी, सी किंवा डी गाडी, उतरायचं केनमोरला. ई गाडीत बसू नका, ती केनमोरला जात नाही. आणि नावाला भुलून जाताना फेनवे स्टेशनवर उतरू नका, मैदानाला केनमोरच जवळ. परतताना मात्र उलटं करा: केनमोरच्या फलाटावर पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा दहा-बारा मिनिटं चालत फेनवे स्टेशन गाठा. शहराकडे जाणारी डी गाडी तिथे केनमोरच्या आधी थांबते.

दिवसाची आखणी करताना मैदानापासून बागेतून पंधरा मिनिटांवरचं म्युझियम ऑफ फाइन आर्ट्स सकाळी बघावं. तिथला भारतीय कलासंग्रह उभा करण्यात कलाइतिहासकार आनंद कुमारस्वामींचा मोठा वाटा आहे. ते १९१७ पासून तिथे होते. जवळचंच गार्डनर संग्रहालयही सुंदर आहे. दोन्ही मंगळवारी बंद. त्या दिवशी फ्रीडम ट्रेल (शहरातली ऐतिहासिक स्थळं जोडणारी पायवाट) करावी, साधारण चार किलोमीटर चालणं. नाहीतर रेड लाइनने हार्वर्डला जावं. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात धर्मानंद कोसंबी पाली ग्रंथांच्या कामासाठी तिथे राहिले होते आणि त्यांचे चिरंजीव, गणिती व इतिहासकार दामोदर कोसंबी १९२९ मध्ये तिथूनच पदवीधर झाले.

एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी, पेट्रियट्स डेला (तिथला सुट्टीचा दिवस), सामना सकाळी अकराच्या सुमारास असतो आणि त्याच दिवशी बॉस्टन मॅरेथॉन केनमोर चौकातून जाते. सामना संपवून बाहेर आलात की शेवटच्या मैलावरचे धावपटू दिसतात. रस्ते बंद असतात, हॉटेलं कित्येक महिने आधी भरतात. तारीख ठरवली असेल तर आधी खोली घ्या, तिकीट नंतर.